मेंढा (लेखा): कार्यकर्त्याने बसायचं कुठे?

मेंढ्याचं प्रकरण समाजकार्याच्या वर्गात बहुतेक वेळा शेवटाकडून शिकवलं जातं. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गडचिरोलीतल्या या लहानशा गोंड गावात आले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण सोबत होते. बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक त्या दिवशी ग्रामसभेच्या हाती आलं, आणि देशात असं प्रथमच घडत होतं. मग वर्गात फोटो दाखवले जातात, कायद्याचं कलम सांगितलं जातं, बांबूतून आलेल्या पैशाचा आकडा येतो आणि तास संपतो. क्षेत्रकार्याला निघालेला विद्यार्थी यातून एवढंच उचलतो की गाव संघटित झालं की जंगल मिळतं. गाव संघटित कसं झालं आणि त्यात बाहेरून आलेल्या माणसाचं काम नेमकं काय होतं, असं विचारलं की उत्तर येतं, ‘जनजागृती’. या उत्तराला मी गुण देत नाही.

या टिपणात प्रकरण तेच आहे, प्रश्न मात्र एकच ठेवला आहे: गावाचा निर्णय होत असताना कार्यकर्ता कुठे बसला होता? मेंढ्यात पुढे जे जे घडलं त्याचं मूळ या बसण्याच्या व्यवस्थेत आहे, असं माझं मत आहे. कायदा आणि मंत्री नंतर आले.

गाव आणि त्याचं जंगल

मेंढा धानोरा तालुक्यात आहे. गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणाऱ्या रस्त्याने साधारण तीस किलोमीटर. शेजारचं लेखा हे ग्रामपंचायतीचं गाव, म्हणून कागदोपत्री ‘मेंढा (लेखा)’. घरं शंभरच्या आसपास, लोकसंख्या पाचशेच्या आतबाहेर, जवळपास सगळे गोंड. घरात गोंडी बोलायची, बाजारात आणि कचेरीत मराठी. शेती पावसावरच्या धानाची. शिवाराचा फार मोठा भाग जंगल, सुमारे १,८०० हेक्टर: मोह, तेंदू, चारोळी, हिरडा, आवळा आणि भरपूर बांबू.

स्वातंत्र्यापूर्वी हा मुलूख जमीनदारीत होता. घराला लाकूड, कुंपणाला बांबू, चुलीला सरपण, गुरांना चराई हे गावाचे निस्तार हक्क होते. जमीनदारी संपली आणि जंगल सरकारच्या ताब्यात गेलं. निस्तार कागदावर राहिला, पण प्रत्यक्षात तो वनखात्याच्या गार्डाच्या मर्जीवर आला. स्वतःच्या गावाच्या जंगलातून नांगराचं लाकूड आणायचं तर कोंबडी नाहीतर दारू पोचवायची, नाहीतर केस. त्याच जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने कागद कारखान्याला जात होता, तोही नाममात्र भावाने. गडचिरोलीच्या जुन्या माणसांशी बोललं की जंगल तुटल्यापेक्षा या अपमानाबद्दल ते जास्त बोलतात. सामूहिक कामाला नेमकी कुठून सुरुवात होते हे समजायला ही तक्रार लक्षात ठेवावी लागते.

१९८० च्या दशकात गोदावरी आणि इंद्रावतीवर इंचमपल्ली आणि भोपालपटनम ही धरणं होणार होती. शेकडो गावं आणि प्रचंड जंगल पाण्याखाली जाणार म्हणून ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते, आदिवासी नेते लालश्याम शाह होते. धरणं मागे पडली. पुढे गावाचं नेतृत्व करणारे मेंढ्याचे देवाजी तोफा तेव्हा तरुण होते. हाताशी आंदोलन, मनात आपल्या रीतिरिवाजांबद्दल नव्याने जागा झालेला अभिमान, अशा काळात गावाने घोटुल पुन्हा बांधायचं ठरवलं.

घोटुल म्हणजे गोंड गावातल्या तरुण मुलामुलींचं एकत्र जमण्याचं, शिकण्याचं, नाचगाण्याचं घर. बाहेरच्यांनी त्याबद्दल नाही नाही ते लिहिल्याने अनेक गावांनी ते लाजेपोटी बंद केलं होतं. मेंढ्याने सागवान तोडून घोटुल उभारलं, परवानगी घेतली नाही. वनखात्याने ते पाडून लाकूड जप्त केलं. गावाने यावर कोर्टकचेरी केली नाही, दगडफेकही केली नाही. पुन्हा घोटुल बांधलं, आणि आसपासच्या गावांनीही आपापल्या गावात घोटुल उभारायचं ठरवलं. एका गावावर कारवाई करणं सोपं असतं. अख्ख्या इलाख्यावर करायची तर वरिष्ठांना विचारावं लागतं. वनखातं पुढे सरकलं नाही.

हा प्रसंग मी मुद्दाम लांबवला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा पुढे देशभर गेली, तिच्याखाली आधीच घडलेली एक कृती होती. शिवाय बाहेरचा कार्यकर्ता येण्याआधीच या गावाला एकत्र निर्णय घेता येत होता. ‘आम्ही गावात गेलो तेव्हा लोक विस्कळित होते’ हे वाक्य प्रकल्प अहवालात सवयीने येतं. मेंढ्याबद्दल ते लिहिता येणार नाही.

प्रकल्प न घेता आलेला माणूस

मोहन हिराबाई हिरालाल चंद्रपूरचे. जयप्रकाशांच्या आंदोलनातून, छात्र युवा संघर्ष वाहिनीतून घडलेले. आडनाव टाकून आई आणि वडील दोघांची नावं लावणाऱ्या त्या पिढीतले. विनोबांच्या ग्रामस्वराज्याच्या विचाराचा त्यांच्यावर खोल ठसा होता. ‘वृक्षमित्र’ ही त्यांची संस्था.

ते मेंढ्यात आले ते विहीर, शाळा किंवा बचत गट घेऊन नव्हे. ते एका प्रश्नाच्या मागे होते: जिथे बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने निर्णय होतो असं गाव आहे का, आणि असेल तर ते कसं चालतं? सहमतीने निर्णय घ्यायची रीत गोंड समाजात जुनीच. मेंढ्यात ती जिवंत होती. म्हणजे कार्यकर्ता गावाकडे शिकवायला नव्हे, अभ्यासायला आला, आणि गावालाच त्या अभ्यासात ओढलं.

इथे नम्रपणाचं कौतुक करून थांबू नये. त्यामागे पक्की आखणी होती. मदत घेऊन येणाऱ्या माणसाभोवती पहिल्या दिवसापासून रांग लागते. रांगेत उभा असलेला माणूस आपल्या मनातलं बोलत नाही, देणाऱ्याला जे ऐकायचं आहे ते बोलतो. मोहनभाऊंच्या हातात वाटायला काहीच नव्हतं, त्यामुळे त्यांच्यापुढे खोटं बोलून कुणाचा फायदा होत नव्हता. निधीचा टप्पा नाही, मार्चअखेर नाही, ‘लाभार्थी संख्या’ नाही. एखादा विषय सहा महिने गावात नुसता घोळत राहिला तरी चालत होतं.

दोन बैठका

मेंढ्याच्या कामाचा गाभा दोन वेगळ्या बैठकांत आहे. एक अभ्यास गट, दुसरी ग्रामसभा.

अभ्यास गटात कुणीही बसावं. गावचा तरुण, म्हातारा, बाहेरचा कार्यकर्ता, प्राध्यापक, वनाधिकारीसुद्धा. विषय धरायचा, माहिती गोळा करायची, कायदा वाचायचा, मतं मांडायची, भांडायचं. इथे निर्णय घ्यायचा नाही. निस्तारचा कागद काय म्हणतो, शासनाच्या नव्या निर्णयात काय आहे, मधाचं पोळं जाळल्याशिवाय मध काढता येतो का, असे विषय इथले. मधाचा विषय असाच अभ्यासातून पुढे गेला आणि माशा न मारता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग काढण्याची पद्धत गावात आली.

ग्रामसभेत फक्त गाव. तिथे निर्णय, आणि तो सर्वसहमतीने. अभ्यास गटात तासन् तास बोललेला बाहेरचा माणूस तिथे मताचा धनी नाही. गावाने बोलावलं तर बसेल, विचारलं तर सांगेल.

वाचायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात आपल्यातल्या बहुतेकांना हे जमत नाही, आणि न जमण्याची कारणं चांगल्या हेतूंचीच असतात. आपल्याला कायदा माहीत असतो, गावाला नसतो. तहसीलदारापुढे काय टिकेल हे आपल्याला कळतं. मग बैठकीत कुणीतरी आपल्याकडे वळून म्हणतं, ‘सर, तुम्हीच सांगा काय करायचं,’ आणि आपण सांगतो. त्या एका वाक्याने ती बैठक आपली होते. पुढे काही बिघडलं तर गाव म्हणतं, संस्थेनं सांगितलं होतं. मेंढ्याच्या मांडणीत ‘तुम्हीच सांगा’ या विनंतीला एक घर दिलेलं आहे: अभ्यास गटात या, जे माहीत आहे ते सगळं सांगतो, ठरवायचं मात्र तिकडे. ज्ञान आणि सत्ता यांची अशी फारकत केल्याने कार्यकर्त्याला मौनी बाबाही व्हावं लागत नाही. तो पोटभर बोलू शकतो, पण चुकीच्या जागी नाही.

सर्वसहमतीबद्दल एक गैरसमज कायम भेटतो, की सगळ्यांना एकच गोष्ट आवडायला हवी. तसं नाही. निर्णयाला कुणाचा अडसर राहिलेला नसावा, इतकंच. एकाचा जरी ठाम विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. विरोध करणाऱ्याला कारण सांगावं लागतं, आणि बाकीच्यांना ते कारण सोडवावं लागतं. मतदानात एक्कावन्न लोकांनी एकोणपन्नासांना समजावण्याची गरज संपते. इथे शेवटच्या माणसापर्यंत समजावत जावं लागतं.

दारूचा विषय याच चाकोरीतून गेला. गावात दारूचा त्रास होता, बायकांना तो सर्वांत जास्त होता. पण गोंडांच्या पूजाविधीत मोहाची दारू लागते, देवाला ती चढवावी लागते. ‘बंद’ म्हणून ठराव केला असता तर म्हातारे पुजारी गप्प राहिले असते आणि नंतर घराघरांत भट्ट्या लागल्या असत्या. चर्चा लांबत गेली आणि मार्ग निघाला तो असा की धार्मिक विधीपुरती दारू चालेल, पिण्या-विकण्यासाठी नाही. महाराष्ट्रात दारूबंदीचा दुसराही एक रस्ता आहे, ‘आडवी बाटली’चा. गुप्त मतदान होतं, आणि यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. ज्या गावात दुकानदाराच्या पाठीशी गावचे वजनदार लोक आहेत तिथे तोच रस्ता योग्य, कारण तिथल्या बाईला उघडपणे बोलण्यापेक्षा गुप्त शिक्का सुरक्षित असतो. सहमती ही सगळीकडे भल्याचीच असते असं समजू नये. त्यावर पुढे येतो.

बायकांचा प्रश्न मेंढ्यातही आपोआप सुटला नाही. पारंपरिक पंचायतीत पुरुषच बसायचे. ग्रामसभेने घरटी किमान एक पुरुष आणि एक स्त्री बैठकीला हवीच असा नियम केला. नुसतं ‘महिलांनी यावं’ म्हटलं की सासू येते किंवा कुणीच येत नाही. घरागणिक हजेरी मोजली की घरातच कुणी जायचं याची बोलणी सुरू होते.

जंगलाचे नियम, मग कागद

१९९० च्या दशकापर्यंत ग्रामसभेने जंगलासाठी आपले नियम केले होते. वणवा लावायचा नाही. अतिक्रमण करायचं नाही. फळासाठी फळझाड तोडायचं नाही. जंगलावर पाळत गावानेच ठेवायची. गावात काही नवीन करायचं असेल, सरकारने किंवा आणखी कुणी, तर आधी ग्रामसभेला विचारायचं. यातल्या एकाही नियमाला तेव्हा कायद्याचं पाठबळ नव्हतं.

१९९२ मध्ये महाराष्ट्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय काढला, पण तो उजाड, विरळ जंगलासाठी होता. म्हणजे ज्यांनी जंगल राखलं त्यांनाच वगळलं. मेंढ्याने पाठपुरावा करून उभं, चांगलं जंगल असूनही या योजनेत प्रवेश मिळवला. योजनेने दिलेले अधिकार तुटपुंजेच होते. तरी गावाचं नाव आणि जंगल एकाच सरकारी कागदावर आलं.

खरी दारं उघडली ती २००६ च्या वनहक्क कायद्याने. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. या कायद्यात दोन गोष्टी मेंढ्यासारख्या गावासाठी निर्णायक होत्या. पहिली, ग्रामसभेची व्याख्या. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत तीन-चार गावं असतात आणि ‘ग्रामसभा’ म्हणजे त्या सगळ्यांची मिळून झालेली सभा, जिथे लहान गावाचा आवाज पोचत नाही. अनुसूचित क्षेत्रासाठी १९९६ च्या पेसा (पंचायत विस्तार) कायद्याने लोक ज्याला आपलं गाव मानतात तेच गाव धरलं, आणि वनहक्क कायद्यानेही गावाची तीच कल्पना उचलली. मेंढा तर आधीपासून लेख्याच्या सभेपासून वेगळी आपली सभा भरवतच होतं. दुसरी गोष्ट, सामूहिक वनस्रोताचं, म्हणजे गाव परंपरेने वापरत आलेल्या जंगलाचं संरक्षण, पुनर्निर्मिती आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क.

दाव्याची वाट ठरलेली असते: वनहक्क समिती, ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती, जिल्हास्तरीय समिती. पुरावा म्हणून निस्तारची नोंद चालते, जुने सरकारी दस्त चालतात, वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो. ज्या गावात अभ्यास गट वर्षानुवर्षं हे कागद वाचत बसला होता त्या गावाला दावा भरणं जड नव्हतं. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचं मर्दा या गावांचे सामूहिक हक्क मान्य झाले. देशातल्या अगदी पहिल्या मान्यतांपैकी या दोन.

बांबू झाड आहे का?

हक्क मिळाला आणि बांबू विकायची वेळ आली तेव्हा वनखात्याने वाहतूक परवाना द्यायला नकार दिला. याला इकडे सगळे टीपी म्हणतात. टीपीशिवाय ट्रक नाक्यावर अडतो, आणि ट्रकशिवाय बांबूला गिऱ्हाईक नाही. म्हणजे जंगल गावाचं, बांबू गावाचा, फक्त तो गावाबाहेर जाऊ शकत नव्हता.

वनखात्याचा युक्तिवाद १९२७ च्या भारतीय वन कायद्यावर होता. त्यातल्या व्याख्येप्रमाणे ‘झाड’ या शब्दात बांबू येतो, आणि झाड म्हणजे इमारती लाकूड, त्यावर खात्याचा ताबा. वनहक्क कायदा मात्र बांबूचं नाव घेऊन त्याला गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात घालतो. शिवाय २००८ च्या नियमांत एक गंमत होती. गौण वनोपज नेण्याची साधनं लिहिली होती: डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी. मोटारगाडीला जुने वाहतूक नियम लागू. दिल्लीत बसून मसुदा लिहिणाऱ्याला आदिवासी माणूस फार तर सायकलवरच दिसला असावा.

या टप्प्यावर कार्यकर्त्याचा मोह काय असतो? मुंबईला जाऊन सचिवांना भेटायचं, दोन गावांपुरता अपवाद मिळवायचा, आणि प्रश्न सुटला म्हणायचं. मेंढ्याने अपवाद मागितला नाही. ग्रामसभेने आपला बांबू जाहीरपणे विकायला काढला, खात्याने नकाराचं कारण लेखी द्यावं म्हणून पत्रव्यवहार केला, आणि नकार कायद्यात बसत नाही हे उघड होऊ दिलं. मार्च २०११ मध्ये जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपजच असल्याचं कळवलं. पुढच्याच महिन्यात मेंढ्यातला तो कार्यक्रम झाला.

टीपीचं पुस्तक हातात आल्यावर ग्रामसभेला जे करावं लागलं ते माझ्या लेखी पुस्तक मिळवण्याइतकंच अवघड होतं, आणि त्यावर कुणी लिहीत नाही. बेटातला कोवळा बांबू सोडून फक्त पिकलेला तोडायचा, हे मजूर म्हणून ठेकेदाराकडे काम केलेल्या माणसाला माहीत असतं. पण ठेकेदाराच्या हाताखाली ते पाळावं लागत नाही, कारण दर नगावर असतो. आता पाळायचं तर मोजणी, तोडीचं क्षेत्र, मजुरीचे दर, हजेरी, गिऱ्हाइकाशी करार, बँकेचं खातं, कर, सगळं ग्रामसभेच्या अंगावर आलं. पहिल्याच हंगामात उलाढाल कोटीच्या घरात गेली. एवढा पैसा अनेक ग्रामपंचायतींनी कधी पाहिलेला नसतो, आणि पैशामुळे फुटलेली गावं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. मेंढा फुटलं नाही, याचं श्रेय मी कायद्याला देत नाही. पैसा यायच्या आधी गावाला वीस-पंचवीस वर्षं बिनपैशाचे निर्णय घेण्याची सवय होती.

सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली. हातगाडी-सायकल गेली, आणि वाहतूक परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबूचं नावच वगळलं गेलं. त्यामागे खाजगी जमिनीवर बांबू लावणाऱ्यांची सोय हा मुख्य हेतू होता. तरी एका गावाने अपवाद न मागितल्याचा फायदा किती दूरवर गेला याचा अंदाज यातून येतो.

२०१३ मध्ये मेंढ्याने आणखी पुढचं पाऊल टाकलं. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली गावातल्या सर्वांनी आपल्या खाजगी शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवायचं ठरवलं. कसण्याचा आणि वारशाचा हक्क घराकडे, पण जमीन बाहेरच्याला विकता येणार नाही. हा कायदा राज्यात जवळपास विसरला गेलेला होता. तालुक्याच्या कचेरीत तो कसा राबवायचा हे सांगणारं कुणी नव्हतं. अंमलबजावणीसाठी गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावं लागलं.

हे प्रकरण कुठे लागू पडत नाही

मेंढा पाहायला दरवर्षी सहली येतात, परत जाऊन ‘आमच्याही गावात सर्वसहमती’ असा फलक लावतात. मराठवाड्यातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या चार-पाच हजार वस्तीच्या, अनेक जातींच्या गावात हा फलक मला धोक्याचा वाटतो. जिथे एकाच्या शेतावर दुसऱ्याची रोजी अवलंबून आहे तिथे ‘कुणाचा विरोध आहे का?’ या प्रश्नाला येणारी शांतता म्हणजे सहमती नव्हे. दलित वस्तीच्या स्मशानभूमीचा रस्ता सर्वसहमतीवर सोडला तर तो कधीच होणार नाही, आणि होत नाही याचा ठपकाही कुणावर येणार नाही. तिथे कायद्याचा बडगा, राखीव जागा आणि गुप्त मतदान हीच दुबळ्यांची हत्यारं. मेंढ्यात जमीनधारणेतली दरी लहान होती, एकच जमात होती, आणि सगळ्यांचं पोट एकाच जंगलाशी बांधलेलं होतं. या तीन गोष्टी कार्यकर्ता आणू शकत नाही.

मग उचलण्यासारखं काय? माझ्या मते अभ्यास आणि निर्णय यांची फारकत, ही गोष्ट कुठेही नेता येते. शहरातल्या वस्तीतही. पुनर्विकासाचा प्रस्ताव आला की बिल्डरचा माणूस, नगरसेवकाचा माणूस आणि संस्थेचा माणूस एकाच सभेत बोलतात आणि त्याच सभेत सह्या घेतल्या जातात. त्याऐवजी आधी चार गल्ल्यांत अभ्यासाच्या बैठका, कुणीही या, कागद वाचा, प्रश्न लिहून काढा. सह्यांची सभा नंतर, आणि त्या सभेत बाहेरचं कुणी नाही, आपणही नाही. यासाठी एक जमात लागत नाही. वस्तीत जातीजातींत भांडण असलं तरी हे करता येतं, उलट तिथेच ते जास्त लागतं, कारण दुबळ्या माणसाला आपला प्रश्न निर्णयाच्या दडपणाशिवाय एकदा तरी बोलून पाहायची जागा मिळते.

गडचिरोलीतच याची पुढची पायरी दिसते. २०१३ च्या हंगामापासून जिल्ह्यातल्या आणि गोंदियातल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करायला सुरुवात केली. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. तिथे गावं मिश्र आहेत, सगळी मेंढ्यासारखी एकजिनसी नाहीत. ठेकेदाराशी भाव ठरवायला एकट्या गावाची ताकद पुरत नाही, म्हणून तालुक्याचा मंच, पण लिलावाचा होकार ज्या त्या ग्रामसभेचा.

राहिला प्रश्न कार्यकर्त्याच्या पगाराचा, आणि तो कुठल्याच प्रशिक्षणात कुणी काढत नाही. मोहनभाऊंना मेंढ्यात अनेक वर्षं देता आली, कारण त्यांच्या कामाचा हिशेब मागणारा निधीदाता गावाच्या आणि त्यांच्या मध्ये उभा नव्हता. आज सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांसाठी व्यवस्थापन आराखडे करायचे असतात. त्यासाठी पैसा आहे, संस्था नेमल्या जातात, आणि त्या संस्थांनी नेमलेल्या पोरांना ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या गावांचे आराखडे द्यायचे असतात. त्यातली बरीच पोरं मनापासून काम करणारी. पण आराखडा वेळेत सादर झाला नाही तर हप्ता अडतो, आणि आराखड्याच्या शेवटी ग्रामसभेचा ठराव जोडावा लागतो. तो ठराव कुणाच्या अक्षरात लिहिलेला असतो, हे अशा फाईली चाळताना मी सर्वांत आधी पाहतो. दहा गावांच्या ठरावांचं अक्षर एकच असेल तर आराखड्यातला नकाशा कितीही सुबक असो, त्या गावांत पुढच्या हंगामात बांबू कोण तोडणार हे ठरलेलं नाही असं धरून चालावं.